सत्तर रुपयांचं ताट

माझ्या धाकट्या बहिणीची लेक मंजुळा महाड एमआयडीसीच्या फाट्यावर खानावळ चालवते. पत्र्याची शेड, चार बाकडी आणि बाहेर खडूनं लिहिलेली पाटी: ताट ७०. ताटात तांदळाच्या दोन भाकऱ्या, सुकटीचं कालवण आणि मूदभर भात. शिफ्टवाले मोटारसायकली वाकड्यातिकड्या लावून आत येतात आणि तिला काकी म्हणतात. त्यातले दोघेतिघे तिच्याहून वयानं मोठे आहेत, पण भुकेल्या माणसाला वय विचारू नये.

नवरा गेल्यावर तिनं ही खानावळ टाकली, तेव्हा ताट चाळीसला होतं. भाव तेव्हाही वाढत होते, पण बेतानं. आमच्या कापडे गावच्या भाताला चार पैसे जास्त मिळायचे, कारखान्यातल्या पोरांचा पगार थोडा सरकायचा, आणि ती पोरं एक भाकरी जादा मागून घ्यायची. त्याच दिवसांत तिनं शर्मिलाला रोजानं हाताखाली घेतलं. पुढं दुसरी शेड घालायची आणि शर्मिलाला महिन्याच्या पगारावर कायम ठेवायचं, हे दोघींचं ठरलेलं होतं. शर्मिलानं त्या भरवशावर दुसरीकडचं काम सोडलं.

मग भाव पळत सुटले आणि पगार जागच्या जागी राहिले. मंजुळेनं पाटीवर ८० लिहिलं, तर आठवड्यात नऊ गिऱ्हाइकं गळली. तिनं पाटी पुसून परत ७० केलं आणि एका भाकरीला पीठ घ्यायची वाटी बदलली. मोठी फडताळात ठेवली, लहान काढली. "एकदाच बदलली गो मावशी," असं ती मला अजून शपथेवर सांगते. आणि ती खोटं बोलत नाही, कारण तिला ते जमत नाही.

गेल्या थंडीत ती तापानं पडली म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. पहिल्याच दिवशी तवा बघून थबकले. इतक्या वर्षांच्या भाकऱ्यांनी त्याच्यावर ताटलीएवढी गोल खूण पाडली होती. शर्मिलानं टाकलेली भाकरी त्या खुणेच्या मधोमध पडलेली, डोळ्यातल्या बुबुळासारखी. वाटलं, तवा माझ्याकडे बघतोय.

"शर्मिला, वाटी भरून घेतेस ना?"

"भरूनच घेते, मावशी. तुम्ही थापून बघा."

मी थापली. माझी तिच्याहून जरा मोठी झाली, म्हणून मी मनात खूश. झाडूची एक काडी तोडून भाकरीचं माप घेतलं आणि काडी पिठाच्या डब्यावर ठेवली. चौथ्या दिवशी काडी भाकरीच्या बाहेर आली. आठव्या दिवशी माझी भाकरी आणि शर्मिलाची भाकरी एकावर एक ठेवली, तर कड जुळली. वाटी तीच, पीठ काठोकाठ, हात माझे. तरी भाकरी रोज नखभर आत सरकायची.

जेवणारे काही बोलत नव्हते, हे त्याहून वाईट. चांगू म्हणून एक आहे, ट्रकवर गोणी चढवतो, पाच भाकऱ्या खाणारा. तो पूर्वी म्हणायचा, "काय काकी, डाएटवर ठेवलंत काय?" आता तोही मान खाली घालून जेवायचा. वीस माणसं, आणि नुसता चावण्याचा आवाज. सगळे एकदम थांबायचे, एकदम हात धुवायला उठायचे. भर दुपारी मला पदर घट्ट ओढून घ्यावासा वाटायचा.

रविवारी मी कापड्याला घरी गेले. माझी परात, माझं पीठ, तेही मुठीनं घेतलेलं. नातीच्या, चैत्रालीच्या ताटात भाकरी वाढली तर ती म्हणाली, "आजी, ही बाहुलीची हाय काय?"

मी जेवण टाकून आपल्या तळहाताकडे बघत बसले.

त्याच आठवड्यात शर्मिलाचा नवरा बुद्धरत्न शेडच्या कर्जाचा कागद घेऊन आला. तो पतसंस्थेत कारकून आहे. मंजुळा गोधडी गुंडाळून बाकड्यावर येऊन बसली.

"काकी, पाच वर्षांत तुमची उलाढाल पावणेदोनपट झाली. कागदावर एकदम फस्क्लास वाढ हाय."

"अरे, माणसं तेवढीच जेवतात. भाकऱ्या तेवढ्याच."

"कागदात भाकऱ्या नाय मोजत, काकी."

"मग तुझ्या त्या कागदाला एकदा जेवायला बसव," मी म्हटलं.

तो हसला. मंजुळा हसली नाही. पत्रेवाल्यानं तिला सांगितलं होतं, आजचा भाव आठ दिवसच धरीन, पुढचं मला विचारू नका. हप्ता सात वर्षांचा आणि भाव आठ दिवसांचा. शर्मिला परातीशी बसून ऐकत होती. तिचे हात पिठात थांबले होते.

मंजुळेनं गोधडी अंगावरून काढून घडी घातली. मग म्हणाली, "मावशी, पाटीवर शंभर लिहा. मोठी वाटी काढा, भाकरी पहिल्यासारखी करू. महिनाभर चाललं तर सही करते आणि शर्मिला कायम."

दुसऱ्या दिवशी मी आणि शर्मिलानं मिळून थापल्या. हात ऐकत नव्हते, बोटं आतच वळायची, पण रेटून रेटून भाकरी खुणेपर्यंत नेली. शिफ्ट सुटली. पोरांनी पाटी वाचली आणि एकही माघारी फिरला नाही. शर्मिलानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

सगळे जेवायला बसले. एका भाकरीच्या मध्यावर येऊन सगळे थांबले.

"चांगू, खा रे. तुझ्यासाठीच केलीय."

त्यानं एक तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्याचं. "नको मावशी. जागाच नाय पोटात."

वीस ताटांत वीस अर्ध्या भाकऱ्या, दुसरीला कोणी हातच लावलेला नाही. मोडल्याही सगळ्यांनी सारख्याच. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी एकेक जण वेगवेगळा येऊन मंजुळेला हळूच सांगून गेला, अर्धीच द्या काकी, ताट सत्तरच ठेवा. ती तयार झाली. दुसरं काय करणार होती?

वीस माणसांना दहा भाकऱ्या. तेवढ्याला एका बाईचे दोन हात पुष्कळ झाले. मंजुळेनं कागद सहीशिवाय परत दिला, आणि शर्मिलाला उद्यापासून येऊ नको हे सांगायला मला पुढं केलं.

परवा महाडच्या बाजारात बुद्धरत्न भेटला. शर्मिला कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणाला, घरीच असते. "आणि मावशी, गंमत सांगू? हल्ली एका भाकरीत आमचं दोघांचं भागतं." बचत झाली म्हणून तो खुशीत होता.