काकूंचा खरा ड्रॅगन

गल्लीत त्यांना सगळे कंपाउंडरकाकू म्हणत. त्यांची सगळी नोकरी औषधांच्या दुकानात झाली. गोळ्या मोजायच्या, पुड्या बांधायच्या आणि विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं. "कडू आहे का हो?" असं कुणी विचारलं की "आहे. दिवसभर तोंडातून जायची नाही चव," असं सांगून त्या मोकळ्या. मालक कपाळाला हात लावायचा.

काका अगदी उलट. ते बुटांच्या दुकानात विक्रीला होते. पायात न शिरणारा जोडा "चार पावलं चाललात की सैल होतो" म्हणत गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यात त्यांचा हातखंडा होता.

दोघं निवृत्त झाल्यावर लेकीने त्यांना पत्त्यांचा एक खेळ आणून दिला. "दोघांचाच आहे. तिसऱ्याला शोधत फिरायला नको," ती म्हणाली. जादूचं राज्य उभारायचं. पत्ता पालथा ठेवायचा आणि तो कशाचा आहे ते तोंडाने सांगायचं. खाण दर खेपेला दगड देते, दगडांतून भट्टी उभी राहते, भट्ट्या धगधगल्या की ड्रॅगन जागा होतो. ज्याचा ड्रॅगन आधी जागा होईल तो जिंकला. मात्र सांगितलेलं खरंच असेल असं नाही. संशय आला तर समोरच्याने "खोटं" म्हणायचं आणि पत्ता उलटून बघायचा. खोटं पकडलं तर तो पत्ता गेला. उगाच आळ घेतला तर आळ घेणाऱ्याची एक भट्टी दंडात गेली.

काकूंना खोटं सांगणं काही जमायचं नाही. खाण ठेवली की "खाण". काकांना पत्ता उलटायची गरजच पडत नसे. ते स्वतः भिकाऱ्याचा पत्ता ठेवून इतक्या रुबाबात "जादूगार" म्हणत, की काकू दरवेळी फसत.

"अगं, तू खेळतेस की कोर्टात साक्ष देतेस?" ते म्हणायचे.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्याहून वाईट म्हणजे, त्यांना समजतंय की नाही तेच कळेना. "चहा हवा?" विचारलं की मान हलायची. "चहा नको?" विचारलं तरी तशीच हलायची. लेक फोनवर विचारी, "आई, बाबांना कळतंय ना गं?" काकू इथेही खरं तेच सांगत. "मला माहीत नाही." फोन ठेवल्यावर मात्र ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहत.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी कपाटातला खेळ पाहिला.

"यात बोलावं लागतं? मग हाच खेळा. पण काकू, त्यांच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही हं. थांबायचं."

"आणि ते बोललेच नाहीत तर?"

"तरीही थांबायचं."

काकू थांबत. काका डाव्या हाताने पत्ते मांडत, कधी बरोबर जागी, कधी भलतीकडेच. नुसते ओठ हलत. काकू मात्र आपला प्रत्येक पत्ता सांगून ठेवत, नियमाप्रमाणे.

एका दुपारी काकूंच्या भट्ट्या पेटल्या होत्या आणि हातात नेमका तोच पत्ता आला. त्यांनी तो पालथा ठेवला. "ड्रॅगन."

काका पत्त्याकडे बघत बसले. घशात खरखर झाली.

"खोटं."

काकूंच्या हातातले बाकीचे पत्ते मांडीवर सांडले. शब्द आला होता, अगदी स्पष्ट. पण ड्रॅगन खराच होता. पत्ता उलटला तर पहिल्याच शब्दाला माणसाची हार, वर दंड. पुन्हा तोंड उघडतील की नाही, कोण जाणे.

"हो, खोटंच होतं," त्या म्हणाल्या आणि पत्ता तसाच पालथा, टाकलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

काकांनी डावा हात लांबवला, गठ्ठा उचकटला आणि तळचा पत्ता उताणा केला. ड्रॅगन. त्यांनी पत्त्याकडे बघितलं, मग बायकोकडे. तोंडाची एक बाजू वर गेली.

"आता," ते म्हणाले आणि अडले. पुढचा शब्द काकूंच्या अगदी जिभेवर आला होता, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले. "आता... बोललीस... खोटं."

काकूंच्या छातीवरचा धोंडा उतरला. कळत होतं. खेळ कळत होता, नियम कळत होते, आणि बायको तर आरपार कळत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढला. हसू की रडू ते ठरेना, तेव्हा त्यांनी दोन्ही उरकून घेतलं.

"बरं, पकडलंत," त्या म्हणाल्या. "पण तुमचा आळ चुकीचाच होता. भट्टी द्या."

काकांनी भट्टीवर पंजा ठेवला. "नाही."

"नाही काय? नियम आहे."

"तू... लपवलास."

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, कसे आहेत बाबा?"

"भांडतायत."

"म्हणजे?"

"भट्टी देत नाहीत. मी ड्रॅगन लपवला म्हणतात."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "दे ना, दे त्यांना फोन."

काकूंनी फोन काकांपुढे धरला. घ्यायला चालता हात एकच होता, आणि तो भट्टीवर होता. काकांनी फोनकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पंजा जराही न हलवता मान पुढे केली.

"कानाला... लाव."