मेथीच्या जुड्या आणि मतदानाच्या चिठ्ठ्या

ओल्या मेथीचा वास आला की हिंजवडीपलीकडच्या गावातली एक दुपार आठवते. मी शाळेत शिक्षिका. लोकसभेच्या आधी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला गेले होते. पत्र्याच्या शेडखाली शेतकरी नवरा-बायको मेथीच्या जुड्या बांधत होते. त्याने चिठ्ठी घेतलीच नाही. “मागल्या वेळी झेंडा घेऊन मीच दारोदार फिरलो, बाई. आता लोकं मलाच विचारत्यात, पाणी कुठं हाय?” बायकोने मात्र पदराला हात पुसून दोघांच्याही चिठ्ठ्या घेतल्या. म्हणाली, “हात धरून नेईन त्यांना. पन मागल्या वेळचं बटन आता दाबनार न्हाई.” ऊन रणरणत होतं, मी पुढच्या घराकडे वळले. मत मी अजून देते. पण निकाल ऐकून आनंद झाल्याला बरीच वर्षं झाली.