स्टुलावरचा भाऊ

माझा भाऊ दर रविवारी अकरा वाजता स्टुलावर बसतो. म्हणजे फोनमध्ये. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून धुळ्याजवळ कापडण्याला आईकडे येते, ती या फोनसाठी. आमच्या आईला, द्रौपदाबाईला, व्हिडिओ कॉल लावता येत नाही. मी तो लावते, फोन उंच स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवते आणि आई खाली सतरंजीवर बसून कपाळ जमिनीला लावते. "वंदामि भंते." तिकडून प्रशील म्हणतो, "सुखी होवो, उपासिके." आई आणि तिच्या पोटच्या पोराचं हे बोलणं! मला दर वेळी चीड येते, खोटं कशाला सांगू.

भिक्खूला नमस्कार करायचा असतो, हे मलाही कळतं. प्रशील तीन वर्षांपूर्वी भिक्खू झाला, त्याचं नाव विनयरक्खित झालं. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घेण्याआधी आईवडिलांची परवानगी लागते. वडील नव्हते. मोठ्या भंतेजींनी भर सभेत आईला विचारलं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केलेली ही बाई उभी राहून म्हणाली, "जाऊ द्या त्याले." फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागला. विहारात आईची जागा पहिल्या रांगेत ठरली. लोक तिला भंतेची आई म्हणू लागले, बाजूला सरून वाट देऊ लागले. तिला जन्मात कुणी अशी वाट दिली नव्हती.

वर्षभराने त्याला हंगेरीला पाठवलं. तिथे रोमा नावाचे लोक आहेत, गावाबाहेर वस्ती करून राहणारे. त्यांच्यात धम्माचं काम करायचं. "तठे बी गावबाहेरच का?" आईने तेव्हा एवढंच विचारलं होतं.

तिथला विहार म्हणजे दोन खोल्यांचं भाड्याचं घर. प्रशील साडेचारला उठतो, लाकडाची शेगडी पेटवतो, पायऱ्यांवरचा बर्फ ओढतो, एकटाच वंदना म्हणतो. मग बसने वस्तीवर जातो. पोरांचा अभ्यास घेतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतो. त्यांची भाषा त्याला मोडकीतोडकी येते. पोरं त्याच्या बोलण्याला हसतात, पण रोज येतात. बाराच्या आत कुणीतरी बटाट्याचं सूप देतं. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही खायचं नाही. संध्याकाळी चारलाच अंधार पडतो आणि मग बोलायला कुणी नसतं.

हे सगळं त्याने मला बुधवारी फोन करून सांगितलं, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. आणि शेवटी म्हणाला, "अक्का, माले चीवर उतारानं शे."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "काय व्हयनं? कोनी काही बोलनं का?"

"नही. लोके चांगला शेत, काम चांगलं शे. मीच पुरत नही. दोन वरीस व्हई गयात, माले कोनी प्रशील म्हननं नही."

"मंग मायले सांग."

"कसं सांगू? ती मन्हा तोंडाकडे दखतच नही. माले नुसता तिना भांग दिखस."

चीवर उतरवायला आईची परवानगी लागत नाही. त्याला मात्र ती हवी होती. तिच्या शब्दावर गेला होता, तिच्या शब्दावर परत यायचं होतं. मी म्हटलं, रविवारी बोल, मी असेन.

रविवारी फोन लागला. आईने कपाळ टेकलं. प्रशील "सुखी होवो" म्हणाला, मग आमच्या तब्येती विचारत बसला. आई खाली बघूनच उत्तरं देत होती. दोन मिनिटं मी सहन केलं. मग स्टुलावरचा फोन उचलला आणि सरळ आईच्या मांडीवर ठेवला.

"आवं, काय करस! वर ठेव! भंते शेत ना!"

"दख त्यानाकडे," मी ओरडले. "एकदा तरी दख!"

तिने पाहिलं. ओठ फुटलेले, गालफडं आत गेलेली. घरातही लोकरी टोपी. तिने पदराने फोनची काच पुसली, मग अंगठ्याने पुसली.

"प्रशील," ती म्हणाली. "कितला वाळी गया रे तू!"

तो रडायला लागला. रडता रडताच म्हणाला, "माय, मी घर येऊ का?"

आईला सगळं कळलं. तिने समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चीवरातला प्रशील, आणि शेजारी हात जोडून ती. मला वाटलं, संपलं. मी मनातून तिच्यावर भयंकर चिडले होते, आणि मला तिची कीवही येत होती.

"जावानं मीच सांगं व्हतं ना?" ती अखेर म्हणाली. "आते बी मीच सांगस. ये."

तो यायला अजून महिना आहे. त्याच्या जागी दुसरे भंते जाणार आहेत. फाट्यावरचा फ्लेक्स आहे तसाच आहे. गावात आम्ही अजून कुणाला काही बोललो नाही.

पौर्णिमेला मी आईबरोबर विहारात गेले. बायकांनी नेहमीसारखी तिला पुढे वाट करून दिली. "या ना भंतेनी माय, पुढे या."

आई दारापाशी, चपलांच्या जवळ, शेवटच्या रांगेत बसली. तिने नको म्हणून मान हलवली आणि मला शेजारी बसायला जागा केली.