पाणी बघायची जागा

कातडीचं चित्र काढण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कोणी नाही. वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, तिरका उगवलेला केस, वेटोळं घालून बसलेली घामाची ग्रंथी, आणि पिवळ्या खडूने नसांची टोकं. रत्नागिरीत इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, डोळे मिटूनही काढेन.

त्या मे महिन्यात दिराच्या बागेत आंब्यांचे देठ मोडताना डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चीक उडाला. पुढे तिथे रुपयाएवढा डाग दिसायला लागला. आमच्याकडे अंगावर काहीही उठलं की ते चिकावर ढकलतात, मीही ढकललं. शेजारच्या काकींनी मनगट उलटसुलट करून बघितलं. "चिकाचा डाग काळा पडतो गो. हा पांढुरका कसा?"

"काकी, विज्ञान मी शिकवते," मी म्हटलं. हा माझा स्वभाव.

ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगाची नुसती चिकचिक होत होती, आणि तेवढीच जागा कोरडी ठणठणीत. मला त्याची गंमत वाटायची.

तेव्हा लेक खेडहून बाळंतपणाला माझ्याकडे मांडवीला आली होती. नात महिन्याची झाली होती. शाळेत जाण्याआधी तिला पायांवर घेऊन मी न्हाऊ घालायचे. तान्ह्या बाळाची कातडी फार पातळ, म्हणून पाणी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघायचं, हे मी लेकीला बाईंच्या थाटात शिकवलं होतं. पाणी अंगावर पडलं रे पडलं की नात आकांत करायची.

"आई, पाणी कढत नाही ना गो?" लेक रोज विचारायची.

उजव्या हाताला जरा चटचट लागायचं, पण मनगट म्हणायचं, ठीक आहे. "बाळं रडतातच. तू काय कमी रडायचीस?" असं म्हणून मी पुढचा तांब्या ओतायचे.

कातडीचा धडा आला, तशी मी वर्गात केरसुणीचे दोन हीर नेले. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने हीर टोचायचे आणि एक की दोन ते ओळखायचं. पोरं खूश. मग "बाई, आता तुम्ही!" असा गिल्ला झाला. मी डोळे मिटले, डावा हात पुढे केला आणि थांबले. काहीच होईना.

"टोच ना गो, घाबरतेस कशाला?" मी समोरच्या मुलीवर खेकसले.

"बाई, मघापासून टोचतेय."

"गेंड्याची कातडी!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मीही हसले. डोळे उघडले तर मनगटावर लाल ठिपके उठले होते.

उरलेला तास मी काय शिकवलं, आठवत नाही. शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले, उठले, परत बसले. टाचणी घेतली, टोचली. मग चहाचा स्टीलचा पेला त्या डागावर टेकवला. ठीक वाटला. तोच उजव्या मनगटाला लावला आणि हात झटकून पेला सांडला, इतका तो कढत होता. तेव्हा मला सकाळचं पाणी आठवलं. अंगावर काटा आला, तेवढी जागा सोडून सगळीकडे.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, नसा चाचपल्या आणि सरळ सांगितलं, कुष्ठरोग. गोळ्या आजच सुरू करू, पूर्ण बऱ्या व्हाल, नातीला खुशाल घ्या. त्या जागेची जाणीव परत येईल का, हे मात्र त्यांना सांगता येईना. हा रोग मी दर वर्षी शिकवते आणि घाबरायचं काही कारण नाही असंही शिकवते. तरी गोळ्यांचं पाकीट मी पर्समध्ये सगळ्यात खाली दडवलं.

रिक्षा घराच्या अलीकडेच सोडली आणि किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिले. चिकाचा डाग आहे म्हणावं, कंबर धरली म्हणून उद्यापासून न्हाऊ घालत नाही म्हणावं. स्वतःची कातडी वाचवायला किती बहाणे सुचतात! मला माझी लाज वाटली.

घरी जाऊन सगळं सांगितलं. पाण्याचंही. लेकीने झोपलेल्या नातीचं झबलं वर केलं आणि कितीतरी वेळ तिची पाठ बघत बसली. चट्टा नव्हता, फोड नव्हता. नुसती लालसर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीकडे गेलेच नाही. लेकीनेच हाक मारली. पाट मांडलेला होता. मी बसले, तिने नातीला माझ्या पायांवर ठेवलं. मग बादलीत हात घालून तिने गार पाण्याचा एक तांब्या ओतला. परत हात घातला, आणखी एक ओतला. आणि तिसरा.

मी पाणी घातलं. नात रडली नाही.

"झोपेत आहे गो ती आज," माझ्याकडे न बघता लेक म्हणाली.

नातीचे डोळे टक्क उघडे होते.