हॉलच्या मधोमध रोवलेली मेढ

भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या घरात तळमजल्याच्या अगदी मधोमध एक खांब आहे. ‘आहे’ असं मी मुद्दाम लिहिते, कारण तो राहू नये म्हणून माझ्याच घरच्यांनी जिवाचं रान केलं होतं आणि मी आडवी आले होते. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा आडवी येईन.

घर सासऱ्यांनी बांधलं. खाली कापड विणायचे लूम, वर आम्ही आणि आमच्या वर दीर-जाऊ. नकाशाबिकाशाची भानगड नव्हती. मिस्त्रीनं पावलं टाकून जागा मोजली, सासऱ्यांनी मान डोलावली, झालं. मी पडघ्याच्या बाजूची. लग्न होऊन आले तेव्हा पायाखालची जमीन का थरथरते हेच मला कळेना. खाली लूम चालू असले की फडताळातल्या वाट्या दिवसभर किणकिणत, दुधाच्या पातेल्यात बारीक लाटा उठत. सासूबाई म्हणायच्या, “होईल सवय.” मला सवय काही झाली नाही, पण मी एक जागा हेरली. स्वयंपाकघराच्या दाराशी एक चौकोन होता, तिथं हादरा जवळजवळ लागतच नसे. तिथं ठेवलेली वाटी गप्प बसायची. खाली जाऊन पाहिलं तर तो चौकोन त्या मधल्या खांबाच्या डोक्यावर होता. मुलगा झाला तेव्हा त्याचा लाकडी पाळणा मी तिथंच मांडला. घरातली सगळ्यात शांत जागा मी पोराला दिली होती.

तोच पोरगा मोठा झाला आणि त्याला तो खांब नकोसा झाला.

त्याचं लग्न ठरलं होतं. आमच्या आगरी घरात लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. पूर्वी मांडव अंगणात पडायचा. आता अंगण रस्त्यात गेलं, दारावरून गोडाऊनचे ट्रक जातात. लूम बंद पडून भंगारात गेले होते, तळमजला रिकामा होता. तेव्हा ठरलं की तिथं मोठा हॉल करायचा, टाइल्स बसवायच्या आणि हळद आतच करायची. इथपर्यंत मीही खुशीत होते. मग दिरानं त्याच्या ओळखीचा कंत्राटदार आणला. त्यानं खांबावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

“भाभी, ये पिलर निकाल देंगे. ऊपर एक गर्डर डालेंगे, इधर से उधर. कुछ नहीं होगा. मैंने कितने निकाले हैं.”

“और उनमें से खड़े कितने हैं?” मी विचारलं.

दिराला राग आला. “वहिनी, तुमाला काय समजतंय त्यातलं? लूम गेलं, आता खांब कशाला पायजे?”

मुलगाही त्याच्याच बाजूनं. “आई, प्रत्येक फोटोत खांब येईल. आणि आता मशीनच नाहीत, तर हादरे कसले?”

“लूम गेले बाबा, पण वरचे दोन मजले कुठं गेलेत?”

तरी काम ठरलंच. माझा नवरा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा. मला म्हणाला, तुझं बरोबर आहे. भावाला म्हणाला, बघ तुला पटेल तसं.

मला खरा संताप आला तो यावर, की आम्ही भिवंडीची माणसं आहोत. इमारत पडली की आम्ही बघायला जातो, ढिगाऱ्याकडे पाहून हळहळतो, सरकारला शिव्या घालतो. घरी येऊन दुकानाचा गाळा रुंद करायला स्वतःचीच भिंत फोडतो. टाइल्सचा रंग निवडायला चार जण चार दुकानं पालथी घालतील, पण खांब काढायला एका माणसाची थाप पुरते. त्या खांबाच्या डोक्यावर माझी माणसं झोपणार होती, नवी सून झोपणार होती. लग्नाच्या फोटोसाठी मी त्यांच्या जिवाशी खेळ होऊ देणार नव्हते.

कुणाला न सांगता मी कल्याण नाक्याला एका स्ट्रक्चरल इंजिनियरच्या ऑफिसात गेले. मध्यमवयीन माणूस, सर्दीनं बेजार. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हात लावू देऊ नका. मी सोमवारी येऊन बघतो.”

“खांब काढला तर घर पडेल का, एवढं तरी सांगा.”

“बाई, घर न बघता सांगायला मी ज्योतिषी नाही.”

उत्तर मला आवडलं. अडचण एवढीच होती की मजूर उद्या सकाळीच येणार होते. सोमवारपर्यंत खांब वाचवायचा कसा, हा विचार करत घरी आले, तर दारात धवलारीण बसलेली. आमच्यात लग्नाचे धवले गाऊन विधी चालवणारी ही बाई, तिचा मान मोठा. मुहूर्तमेढ कधी रोवायची ते विचारायला आली होती.

“मांडव कंच्या जागंला घालनार?” तिनं विचारलं.

“हॉलमध्येच. अंगण राहिलंय कुठं?”

“मंग मेढ पन आतच रोवाया लागंल.”

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. पूजा करून एकदा उभी केली की लग्न पार पडेपर्यंत तिला कुणी धक्का लावत नाही. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्या खांबाकडे पाहिलं.

“नवी कशाला रोवायची? ही रोवलेलीच आहे.”

बाई खांबाभोवती फिरून आली. म्हणाली, “मजबूत हाय.” तारीखही तिनंच काढली: उद्याची, सकाळची.

सकाळी आम्ही दोघींनी खांब धुतला, हळद-कुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला, लाल फडक्यात नारळ बांधला. तिनं धवला सुरू केला. शेजारच्या बाया आवाज ऐकून जमल्या. तेवढ्यात कंत्राटदाराची माणसं ब्रेकर मशीन घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थांबली. पुढच्यानं चपला काढल्या, ते पाहून मागच्यानंही काढल्या. मशीन बाहेरच राहिलं.

दीर जिना उतरून आला. “वहिनी, ह्यो काय प्रकार हाय?”

“मुहूर्तमेढ, भावजी. ज्याला उपटायचीय त्यानं उपटावी. पोरगा माझा आहे तसा तुमचाही आहे.”

मांजर आडवं गेलं तर गाडी वळवून दुसऱ्या रस्त्यानं जाणारा माणूस तो. मागून आलेला कंत्राटदार “भाईसाब, फिर आता हूँ” म्हणाला आणि त्यानं मशीन परत टेम्पोत चढवलं.

मुलानं मला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, तुझा स्वतःचा तरी विश्वास आहे का असल्या गोष्टींवर? अंधश्रद्धेचा वापर करतेस तू.”

“करते,” मी म्हटलं. “तुम्हाला माझी अक्कल चालत नाही, तर तुमची श्रद्धा वापरते.”

सोमवारी इंजिनियर आला. शिंका देत सगळं घर पालथं घातलं. खांबाच्या कोपऱ्याचा गिलावा थोडा उडवला, हातातलं यंत्र खांबावर ठिकठिकाणी दाबून आकडे घेतले, मोऱ्या कुठं कुठं ते विचारलं, गच्चीवर जाऊन आला. मग सगळ्यांसमोर कंत्राटदाराला विचारलं, “गर्डर टाकाल, पण तो ठेवणार कशावर?”

कंत्राटदारानं बाजूच्या भिंतीकडे बोट केलं.

“ती विटांची आहे. ती स्वतःला धरून आहे तेवढं पुष्कळ झालं.” मग त्यानं आम्हाला शांतपणे समजावलं. खांब काढताच येत नाही असं नाही. पण वरचा भार आधी दुसरीकडे न्यावा लागतो. त्यासाठी दोन्ही कडांना पायापासून नवे खांब उभे करायचे, वरचे सगळे मजले टेकूंवर तोलायचे आणि मगच जुन्याला हात लावायचा. इथं मोरीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून आतले गज गंजलेत. “या घरात हा खांब काढायचा नाही. उलट लग्न झालं की लगेच जाड करून घ्या. गच्चीवर गर्दी नको. जादाची टाकीही रिकामी करा.”

गच्चीवर पंगत ही माझी हौस होती, ती मी मुकाट्यानं गिळली. कायदा सगळ्यांना सारखा.

हळद झाली, आणि काय झाली! पाहुणे खांबाभोवती फेर धरून नाचले. एकेका फोटोत खांब आहे, हळदीनं माखलेला, नवरदेवापेक्षा पिवळा. दीर नाचून दमला तेव्हा त्यालाच पाठ टेकून बसला होता. मी ते पाहून घेतलं.

लग्नानंतर मांडव उतरला, डहाळा सोडला, आणि कामाला सुरुवात झाली. आधी आजूबाजूला टेकू लागले. मग खांबाभोवती नवे गज बांधून काँक्रीटचा थर चढवायचा, म्हणून जुना गिलावा पूर्ण काढला. आतले गज दिसले. हात लावला की त्यांचे पापुद्रे सुटत होते. दिरानं एक पापुद्रा तळहातावर घेतला, बोटानं दाबला, त्याची पूड झाली. त्याचा पलंग दोन मजले वर, बरोब्बर याच्यावर. त्यानं हात झटकला आणि इंजिनियरला विचारलं, “किती जाड करनार?”

मी मधेच दोन्ही हात पसरून दाखवले. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. मुलगा हसला नाही. तो वर छताकडे बघत होता, जिथं त्याचा पाळणा होता तिकडे.

आता खांब पहिल्यापेक्षा पुष्कळ जाड आहे. नवा पाहुणा हमखास विचारतो, एवढ्या छान हॉलमध्ये हा मधेच कशाला ठेवलात? परवा मी तोंड उघडणार, तोच सोफ्यावरून मुलगा म्हणाला, “तो आमच्या घरात मोठा आहे. त्याला ऊठ म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही.”