खड्ड्यात बसवलेला सिलिंडर

सिलिंडरला उन्हाळा बाधू नये म्हणून मी त्याला खड्ड्यात बसवलं होतं. वर ओलं गोणपाट, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं. नवी सून होते, म्हापशाच्या कॉलेजात सायन्सला गेलेली. नापास झाले होते, ते सासरी कुणाला सांगायचं राहून गेलं होतं.

हळर्णच्या डोंगरावर आमची काजूची बाग, बागेत राहायला मातीचा मांगर. तिथे वीज नव्हती, अजूनही नाही. काजूच्या हंगामात बिऱ्हाडच तिकडे हलायचं. दिवसभर वाकून बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायचे, पिळून बिया वेगळ्या करायच्या. संध्याकाळी कंबर माझी की दुसऱ्या कुणाची, तेही कळायचं नाही. चुलीच्या धुरानं सासूबाईंचे डोळे सारखे गळत, म्हणून नवऱ्यानं सिलिंडर खांद्यावरून वर आणला.

"आई, याला हात लावू नका हं. तुम्हाला नाही जमायचं," मी ऐटीत सांगितलं.

"बरां गो बाय," त्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "तुझो दुसरो घोव तो. मी कित्याक हात लावू?"

मांगरात बोंडवांचा रस आंबवायला एक मोठं मडकं पुरलेलं असे. ते फुटलं होतं, खड्डा रिकामा होता. थंडगार जागा. सिलिंडर तिथे उतरवला आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाले. फक्त रेग्युलेटर बंद करायचा तर खड्ड्यात अर्धं अंग घालावं लागे. चार दिवसांत त्याचाही कंटाळा आला. शेगडीचं बटण फिरवलं की झालं, असं मीच ठरवलं. नळी खड्ड्याच्या चिऱ्यावर घासत होती, तिकडे कोण बघतंय!

मग वास यायला लागला.

"कसलो तरी वास येता गो," नवरा म्हणाला.

"बोंडू कुसलेत. आणि हुर्राक पिऊन आलात की तुम्हाला सगळीकडेच वास येतो."

हंगामात मांगर आंबलेल्या बोंडवांनी घमघमत असतोच, त्यात गॅसचा वास मिसळला तर ओळखणार कोण? सासूबाई तपकीर ओढायच्या. त्यांच्या नाकानं कधीच रजा घेतली होती.

हंगाम संपला. शेवटचे बोंडू सकाळीच खाली गेले, जागा धुऊन काढली. दिवेलागणीला मी उंबऱ्यावर पाय पसरून बसले होते. आत सासूबाई राखणदाराची विडी पेटवायला निघाल्या. डोंगर तो राखतो, त्याची ही मजुरी. बाहेरच्या वाऱ्यात काडी विझते म्हणून विडी आतच पेटवायची. पहिला झुरका त्यांचा. देवाला न पेटलेली विडी कशी द्यायची?

तेवढ्यात तोच वास आला. उठायचंसुद्धा जिवावर आलं होतं. पण बोंडू तर गेले. मग हा वास कुणाचा?

वळून पाहिलं तर त्यांच्या तोंडात विडी, एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात काडी.

"आई, काडी नको!"

"एक विडी गो, राखणदाराची."

मी झडप घालून पेटी हिसकावली, अंगणात भिरकावली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"तुका पिसां लागला काय गो? राखणदाराक आडवी येतंस?"

उरलासुरला श्वास रोखून मी आत गेले, खड्ड्यात वाकून रेग्युलेटर बंद केला, दोन्ही दारं सताड उघडली आणि बाहेर आले. आता गॅस धुरासारखा जाईल वर, माझ्यातली सायन्सवाली म्हणाली. इतक्यात नवरा पाणंदीतून आला. त्याला काजूच्या झाडापाशीच अडवलं आणि तेच सांगितलं.

"वर खंय जाता? जड असता तो," तो म्हणाला. "पाण्यासारखो सखल बसता. तुझ्या खड्ड्यात भरलेलो असतलो."

कनेक्शन देणाऱ्यानं हे दोघांनाही सांगितलं होतं. नवऱ्यानं ऐकलं होतं. मी नुसती मान डोलावली होती.

तो खड्डा पुढे मीच चिरे टाकून बुजवला. हल्ली सिलिंडर सपाट जमिनीवर, दाराशी उभा असतो. नळीला साबणाचा फेस लावून बघते, काम झालं की रेग्युलेटर बंद करते. गुडघे शिव्या घालतात. घालू देत.

त्या संध्याकाळी मात्र दिवा न लावता आम्ही तिघं झाडाखाली बसून गार पेज प्यायलो. सासूबाईंच्या वाटीतली पेज लुगड्यावर सांडली. मी पदरानं पुसायला गेले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"फाल्या सकाळी माका तो गॅस पेटवूक नि बंद करूक शिकय. मराचाच असात तर मी माझ्या हातान मरतलंय, तुझ्या हुशारकेन नको."