साखळी गाड्यांसाठी होती

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. त्याआधी तिला एकदा समुद्रात कमरेपर्यंत उभं राहून कासव बघायचं होतं. लाटांची भीती वाटते, म्हणून माझा हात धरून. एवढ्यासाठी आम्ही मायलेकी अमेरिकेतल्या एडिसनहून त्या चिमुकल्या कॅरिबियन बेटावर गेलो.

मी मात्र लढायला गेले होते. समुद्रकिनारे जनतेचे, हॉटेलवाल्यांच्या बापाचे नाहीत, अशा इंग्रजी पत्रकांची पिशवी घरूनच आणली होती. जुना किल्ला, उसाच्या घाण्याचे अवशेष, सगळं मी आईला शोषणाचा पुरावा म्हणून दाखवलं. तो आहेच. पण फोटोत हसायलाही मी तिला बंदी घातली होती.

शेवटच्या दिवशी परतीची बाराची बोट होती. कासवं सकाळीच काठाजवळ चरायला येतात, म्हणून आम्ही लवकर निघालो. किनाऱ्याच्या वाटेवर हॉटेलने आडवी लावलेली लोखंडी साखळी, शेजारी खुर्चीत एक वयस्कर गार्डबाई. मी लगेच पत्रक काढलं आणि सुरू झाले. कायदा, भांडवल, कोळी बांधव, कोणालाच सोडलं नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, हादरल्या.

"झालं?" त्या शेवटी म्हणाल्या. "साखळी गाड्यांसाठी आहे. माणसांनी बाजूने जायचं. या वाटेसाठी आम्ही गावकरी इथेच धरणं धरून बसलो होतो." मग पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "छान आहे. फोटो शेजारच्या बेटाचा आहे."

आई केव्हाच बाजूने गेली होती. सलवार वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी.

"संपलं भाषण? कासव होतं गं, तिथे. डोकं वर काढलं, श्वास घेतला आणि गेलं. मी पुढे जाणार होते, पण धरायला कोणी नव्हतं."

"मग हाक मारायचीस ना!"

"मारली. दोनदा. तू 'पीपल, पीपल' करत होतीस. मी पण पीपलच ना गं?"

पिशवी वाळूत टाकून मी तिचा हात धरला. कमरेपर्यंत गेलो. लाट आली की ती माझ्या मनगटात नखं रुतवायची. बाराच्या बोटीचा भोंगा वाजला तरी आम्ही तिथेच. कासव काही फिरकलं नाही.

"एक पत्रक दे की त्याला," आई म्हणाली. "वाचून येईल."